भूत नसलेल्या नाटकातलं भय : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया लांबलचक आहे आणि रोखठोकही. तिच्याखाली नुसतं "धन्यवाद" टाकून मोकळं होणं बरं दिसलं नसतं, म्हणून हे स्वतंत्र उत्तर. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्रजी 'नॉटिकल ड्रामा'तल्या, म्हणजे खलाशी, जहाजं आणि वादळं यांवर बेतलेल्या लोकप्रिय नाटकांतल्या, गॉथिक अंशाबद्दल लिहिलं होतं. गॉथिक म्हणजे जुने किल्ले, तळघरं, कोंडलेली माणसं आणि दडवलेले गुन्हे यांतून भय उभं करणारा साहित्यप्रकार. त्यावर तुमचं म्हणणं असं की ही नाटकं मुळात आरमाराचा उदोउदो करणारी. भुतंखेतं ही गल्ला भरण्यासाठीची आतषबाजी. सगळ्यांत गाजलेल्या 'ब्लॅक-आइड सुझन'मध्ये तर औषधालाही भूत नाही. गॉथिकला किल्ला लागतो, तळघर लागतं, मोकळ्या समुद्रावर कसलं आलंय गॉथिक. आणि 'फ्लाइंग डचमन', म्हणजे कायम भटकणाऱ्या भुताळी जहाजाची गोष्ट, खरी जर्मन संगीतकार वाग्नरची, इंग्रजांनी तिचं श्रेय लाटू नये. शिवाय मी शेक्सपिअरच्या 'टेम्पेस्ट'चं नावही घेतलं नाही, हा वेगळा ठपका.

आरमाराच्या उदोउदोपासून सुरुवात करतो, कारण तिथे आपलं बरंचसं एकमत आहे. १८०४ साली धाकट्या चार्ल्स डिब्डिनने लंडनच्या सॅडलर्स वेल्स थिएटरात रंगमंचाच्या जागी भलामोठा हौद बांधला, जवळच्या न्यू रिव्हरचं पाणी त्यात सोडलं आणि जिब्राल्टरच्या वेढ्याचा खेळ लावला. जहाजांच्या छोट्या प्रतिकृती, तोफांचा धूर, शत्रूची जळती गलबतं. नेपोलियनशी युद्ध चालू होतं आणि प्रेक्षक टाळ्या वाजवायलाच येत होते. त्या खेळात गॉथिक शोधायला गेलो तर तुम्ही मला जरूर हसा.

पण मी ज्या नाटकांबद्दल लिहिलं ती १८२०नंतरची आहेत, आणि मधल्या काळात एक मोठी गोष्ट घडली होती. युद्ध संपलं. १८१३च्या सुमारास ब्रिटिश आरमारात एक लाख पंचेचाळीस हजारांच्या आसपास माणसं होती. १८१७पर्यंत वीस हजारांच्या आसपासच उरली. त्यांतल्या कितीतरी जणांना मुळात प्रेस-गँगने, म्हणजे सक्तीने भरती करणाऱ्या टोळ्यांनी, रस्त्यातून उचलून नेलेलं होतं. आता तीच माणसं बंदरांवर आणि थेम्सच्या काठाने काम शोधत फिरत होती. सरे आणि कोबर्ग ही थिएटरं थेम्सच्या दक्षिणेला, याच कष्टकरी वस्तीत. तिथल्या स्वस्त जागांवर बसलेल्यांत आरमाराचं जिणं अंगावर काढलेली माणसं असायची. त्यांच्यासमोर 'आपला शूर खलाशी' हे गाणं म्हटलं तर ती साथ देत. पण चाबूक म्हणजे काय आणि कॅप्टन म्हणजे काय हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. लेखक ते जाणून होते. नाटकं वरवर देशभक्तीची राहिली आणि आत दुसरंच काही शिजायला लागलं.

ते कसं, याचा पुरावा म्हणून मी एकच माणूस पुढे करतो : टी. पी. कुक. तुमच्या प्रतिक्रियेत त्याचा उल्लेख 'खलाशी रंगवणारा नट' एवढाच आलाय. वर्णन खरं आहे, पण अर्धंच. कुक पोरवयात आरमारात गेला आणि १७९७च्या केप सेंट व्हिन्सेंटच्या लढाईत होता. पुढे तो नट झाला. १८२०च्या ऑगस्टमध्ये लायसियममध्ये, म्हणजे तेव्हाच्या इंग्लिश ऑपेरा हाउसमध्ये, प्लांशेचं 'द व्हँपायर' लागलं. त्यात रक्तपिपासू लॉर्ड रथवेन कुकने केला. त्या नाटकासाठी एक खास चोरदार बनवलं होतं. स्प्रिंग लावलेल्या दोन झडपा, त्यांतून नट असा आरपार जायचा की पाहणाऱ्याला तो भरीव लाकडातून गेल्यासारखा वाटावा. इंग्रजी रंगमंचावर त्या चोरदाराला पुढे कायम 'व्हँपायर ट्रॅप' हेच नाव राहिलं. तीन वर्षांनी, १८२३च्या जुलैत, त्याच थिएटरात पीकचं 'प्रिझम्प्शन' आलं. मेरी शेलीच्या 'फ्रँकेन्स्टाइन' या कादंबरीवरचं हे पहिलं नाटक. त्यातला तो राक्षसही कुकच. अंगाला घट्ट बसणारा फिकट निळसर पोशाख, चेहरा-हातपाय त्याच रंगाचे, काळे मोकळे केस, आणि तोंडून एक शब्द नाही. जाहिरातीत त्याच्या भूमिकेपुढे नाव न छापता नुसत्या रेघा मारल्या होत्या. मेरी शेली स्वतः हे नाटक बघायला गेली. ज्याला नाव नाही त्याला असं बिननावाने छापण्याची युक्ती तिला आवडली, आणि कानावर पडणारे सूर हाताने पकडू बघणारा कुकही आवडला.

आता पुढचा क्रम बघा. १८२५मध्ये लंडनच्याच अडेल्फी थिएटरात 'द पायलट', त्यात कुक लाँग टॉम कॉफिन नावाचा खलाशी. १८२६-२७च्या हिवाळ्यात तिथेच 'द फ्लाइंग डचमन', त्यात कुक भुताळी जहाजाचा कप्तान. १८२९च्या जूनमध्ये सरेला 'ब्लॅक-आइड सुझन', त्यात कुक खलाशी विल्यम. पिशाच, राक्षस, खलाशी, भूत, पुन्हा खलाशी. सगळं एका अंगात, दहा वर्षांच्या आत, आणि बऱ्याच अंशी त्याच प्रेक्षकांसमोर. विल्यमच्या गळ्यात दोर पडायची वेळ आली तेव्हा पिटात, म्हणजे रंगमंचापुढच्या स्वस्त जागांत, बसलेल्या कितीतरी जणांनी या माणसाला आधी मुक्या राक्षसाच्या रूपात तडफडताना पाहिलेलं होतं. ती आठवण ते दाराबाहेर ठेवून आत येत असतील असं मला वाटत नाही.

'मुका' या गोष्टीवर जरा थांबतो, कारण आतषबाजीच्या आरोपाचं उत्तर तिथेच आहे. १७३७च्या कायद्याने गद्य, बोलकं नाटक करायचा हक्क लंडनमध्ये जवळजवळ फक्त ड्रुरी लेन आणि कॉव्हेंट गार्डन या दोन सनदी थिएटरांकडे ठेवला होता. बाकीच्यांनी गाणं, नाच, मूकनाट्य आणि देखावे यांवर गुजराण करायची. हा कायदा १८४३मध्ये गेला. १८२०नंतर तो बराच सैल झाला होता. चार गाणी घालून 'बर्लेटा' म्हटलं की संवाद खपून जात. तरी त्या थिएटरांची शिस्त मूकनाट्याची राहिली. शब्दांवाचून हातवारे, संगीत आणि उजेड यांनी गोष्ट सांगणारे नट तिथे तयार झाले. मुक्या पात्रांची आवड थोडी फ्रेंच मेलोड्रामातूनही आली. कॉव्हेंट गार्डनच्या १८०२च्या 'अ टेल ऑफ मिस्टरी'तही मुका माणूस आहेच, आणि तिथे तर बोलायला बंदी नव्हती.

'द फ्लाइंग डचमन' एडवर्ड फिट्झबॉलने या शिस्तीचा पुरेपूर फायदा उठवत लिहिलं. वँडरडेकन शंभर वर्षांतून एकदा नवरी मिळवायला किनाऱ्यावर येतो. समुद्रतळाची दुष्ट शक्ती रॉकाल्डा त्याला मुदत वाढवून देते, पण अट घालते की जमिनीवर असताना बोलायचं नाही. तोंड उघडलं की करार संपला. म्हणजे पूर्वी जो मुकेपणा थिएटरवर बाहेरून लादलेला होता, तो इथे शापाचा भाग झाला. सबंध नाटकभर माणसं वँडरडेकनशी बोलतात आणि तो नुसता उभा असतो. आणि शेवटी, झटापटीत, तो बोलतो. तेवढ्याने त्याचा खेळ खलास होतो.

यात आतषबाजी आहे का? आहे, भरपूर. निळ्या आगीत समुद्रातून वर येणारा कप्तान आहे. भुताळी जहाज संहितेत 'फँटास्मागोरीच्या पद्धतीने' दिसतं, म्हणजे पडद्यामागून मॅजिक लँटर्नने पाडलेलं चित्र. ही पद्धत लंडनला फिलिप्स्थाल नावाच्या खेळवाल्याने १८०१मध्ये दाखवली होती. दिवा चाकांवर मागे-पुढे सरकवायचा, म्हणजे भूत लहानाचं मोठं होत अंगावर आल्यासारखं दिसतं. आणि दाखवली कुठे, तर लायसियमलाच. जिथे पुढे कुकचा रथवेन आणि कुकचा राक्षस उभे राहिले. फिट्झबॉलचे संवाद मात्र वाचवत नाहीत, हे कबूल करायला मला काहीच वाटत नाही. पीटर फॉन बमेल नावाचं त्याचं विनोदी पात्र पानंच्या पानं खातं. समकालीनांनी फिट्झबॉलला 'ब्लू-फायर' म्हणून हिणवलं ते काही उगाच नाही. पण निळी आग काढून घेतली तरी तो न बोलणारा माणूस उरतोच, आणि भीती वाटते ती त्याची.

किल्ल्याचा मुद्दा तुम्ही फार ठासून मांडलाय. गॉथिक नाटकात किल्ला नेमकं काय करतो ते आधी पाहू. १७९७चं 'द कासल स्पेक्टर' घ्या : एक जुलमी मालक, त्याने पूर्वी केलेला खून, कोंडून ठेवलेलं माणूस, आणि बाहेरचा कायदा पोचत नाही अशी जाड भिंत. आता फिट्झबॉलचंच १८२४चं, सरेला झालेलं 'द फ्लोटिंग बीकन' घ्या. घटना घडतात नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ, नांगरून ठेवलेल्या दीपनौकेवर. दीपनौका म्हणजे जिथे दीपगृह बांधता येत नाही तिथे दिवा लावून उभं केलेलं जहाज. इतर जहाजांना वाट दाखवणं हे तिचं काम. या नौकेवरचा प्रमुख अँगरस्टॉफ आणि त्याचे साथीदार खुनी आहेत. मारिएट नावाची एक बाई वर्षानुवर्षं तिथे अडकलेली आहे. फ्रेडरिक हा तरुण तिथे येऊन पडतो, आणि ती बाई त्याची आई, तर त्याच्या बापाला संपवणारे हेच लोक, असं हळूहळू उलगडतं.

किल्ल्यातलं एक तरी सामान कमी आहे का? उलट एक जास्त आहे. किल्ल्यातून पळणाऱ्याला निदान रान तरी मिळतं. नांगरलेल्या जहाजावरून पळून जाणार कुठे? शिवाय लोकांचे जीव वाचवण्यासाठी लावलेल्या दिव्याखालीच हा सगळा प्रकार चाललेला. मोकळा समुद्र म्हणजे मोकळीक, हे किनाऱ्यावर उभं राहून बघणाऱ्याचं मत. जहाजावरच्या माणसाला समुद्र ही चारी बाजूंनी भिंतच असते.

आता 'ब्लॅक-आइड सुझन'. तुमचा हुकमाचा पत्ता हाच, आणि मला सगळ्यांत जास्त बोलायचंय तेही इथेच. नाटकात भूत नाही, बरोबर. लेखक डग्लस जेरोल्डचा बाप शीअरनेस या आरमारी गावात थिएटर चालवायचा. पोरगा स्वतः १८१३ ते १८१५ आरमारात होता, 'नेमुर' या जहाजावर. त्या जहाजाचा कप्तान होता चार्ल्स ऑस्टन, जेन ऑस्टनचा धाकटा भाऊ. (यावर एक वेगळा लेख होईल, पण आज नको.) १८१५मध्ये वॉटर्लूच्या लढाईतले जखमी घेऊन येणारी जहाजं जेरोल्डने पाहिली, तेव्हा तो बारा वर्षांचा होता.

गोष्ट साधी आहे. विल्यम समुद्रावरून परत येतो. त्याचाच कॅप्टन क्रॉसट्री दारूच्या नशेत विल्यमच्या बायकोवर, सुझनवर, हात टाकतो. सुझनची किंकाळी ऐकून विल्यम धावतो आणि पाठमोऱ्या माणसावर कटलास, म्हणजे खलाशांची आखूड तलवार, चालवतो. मग कळतं की तो आपला वरिष्ठ आहे. लष्करी न्यायालय बसतं. वरिष्ठावर हात उचलला तर मृत्यू, हे कलम अॅडमिरल वाचून दाखवतो. विल्यम गुन्हा नाकारत नाही. तो किती चांगला खलाशी आहे हे सोबती सांगतात, न्यायाधीशांनाही ते पटतं, आणि तरी फाशी ठरते. या न्यायालयात कुणी खलनायक नाही. अॅडमिरल दयाळू आहे, कॅप्टन शुद्धीवर आल्यावर पश्चात्तापाने पोळलेला आहे, साक्षीदार खरं बोलतात. सगळे सज्जन मिळून एका निरपराध माणसाला व्यवस्थित, नियमाप्रमाणे मारायला निघालेत.

शेवटच्या प्रवेशाची रंगसूचना एकदा नीट वाचा. उजव्या बाजूच्या चिंचोळ्या वाटेवरून मिरवणूक येते आणि मिनिटामिनिटाला घंटेचा टोला पडतो. पुढे मास्टर-ॲट-आर्म्स, म्हणजे जहाजावरची शिस्त राखणारा, काखेत नागवी तलवार, तिचं टोक कैद्याकडे. मागे विल्यम, अंगात जाकीट नाही, गळ्याला रुमाल नाही, दोन्ही बाजूंना एकेक मरीन, म्हणजे जहाजावरचा सैनिक. नंतर अॅडमिरल आणि अधिकारी. विल्यम गुडघे टेकतो आणि सगळं जहाज त्याच्याबरोबर प्रार्थना करतंय असं दिसतं. एक खलाशी तोफेपाशी उभा आहे, चापाची दोरी हातात धरून; तोफेचा आवाज हाच फाशीचा इशारा. नाळेजवळ फळ्यांचा चौथरा, पुढच्या डोलकाठीवर फाशीची खूण असलेलं पिवळं निशाण, आणि राष्ट्रध्वज अर्ध्यावर.

घंटा, मिरवणूक, प्रार्थना, बळी, आणि जमलेल्यांतल्या कुणालाच थांबवता न येणारा विधी. मठातल्या तळघरात मशाली घेऊन असाच प्रवेश झाला असता, तर तुम्ही त्याला बिनतक्रार गॉथिक म्हटलं असतं. इथे अंगावर काटा येतो तो त्या टापटिपीने. प्रत्येकाला आपली जागा माहीत आहे. तोफेशी उभ्या असलेल्या त्या खलाशाला एक ओळ संवाद नाही, पण त्याने दोरी ओढली की सोबती वर जाणार. भूत असतं तर उलट प्रेक्षकांना हायसं वाटलं असतं; भुतावर उतारा असतो, लष्करी कलमावर कुठला?

तुम्ही म्हणाल, शेवट तर गोड आहे. आहे. ऐनवेळी क्रॉसट्री धावत येतो. विल्यमने पूर्वी त्याचा जीव वाचवला होता, म्हणून त्याने विल्यमला आरमारातून मोकळं करण्यासाठी लिहिलेलं असतं. तो कागद कुणीतरी दुष्टाव्याने दडवलेला. आता सापडला, आणि त्यावरची तारीख मागची आहे. म्हणजे वार केला त्या क्षणी विल्यम राजाचा खलाशीच नव्हता आणि क्रॉसट्री त्याचा अधिकारी नव्हता. जयजयकार, पडदा. पण सुटका कशामुळे झाली बघा. बायकोची अब्रू वाचवायला केलेला वार योग्य होता, असं कुणीच म्हणत नाही. कलम चुकीचं आहे असंही नाही. फक्त तारखेचा हिशोब जुळला. ती चिठ्ठी आणखी पाच मिनिटं उशिरा आली असती तर हेच भले लोक टोप्या काढून उभे राहिले असते. जेरोल्ड पुढे आयुष्यभर फाशीच्या विरोधात बोलत राहिला. या गोड शेवटावर त्याचा स्वतःचा कितपत विश्वास होता याची मला शंकाच आहे. नाटक त्या एका हंगामात दीडशेच्या वर रात्री चाललं. एवढ्या रात्री लोक नुसता कुकचा हॉर्नपाइप हा खलाशी नाच बघायला येत होते, असं मानायला माझं मन घेत नाही.

म्हणून भूत असलेली आणि नसलेली अशी या नाटकांची वाटणी मला करवत नाही. वँडरडेकन कराराने बांधलेला, विल्यम भरतीच्या कागदाने बांधलेला. दोघांचंही शरीर स्वतःच्या मालकीचं नाही. एकाने तोंड उघडलं की संपला, दुसऱ्याने हात उचलला की संपला. तोच नट दोन्ही भूमिका करत होता, हा योगायोग मी तरी फार अर्थपूर्ण मानतो.

'टेम्पेस्ट'बद्दल थोडक्यात. ते मी मुद्दाम गाळलं. वादळ, जादू, एरियल या वायुरूप सेवकाने जहाजावर नाचवलेल्या ज्वाळा, सगळं आहे, आणि १६०९मध्ये बर्म्युडाजवळ फुटलेल्या 'सी व्हेंचर' जहाजाची छायाही आहे. पण तिथलं वादळ जादूगार प्रॉस्पेरोच्या मुठीत असतं आणि कुणाच्या केसालाही धक्का लागत नाही. जहाजही पहिल्या प्रवेशानंतर रंगमंचावर दिसत नाही. खलाशांच्या जगण्याशी त्या नाटकाला फारसं देणंघेणं नाही. थोर नाटक आहे, पण आपल्या विषयाचं आजोळ तिथे नाही.

उरला वाग्नर. केप ऑफ गुड होपजवळ भटकणाऱ्या डच जहाजाची दंतकथा खलाशांची; ती ना इंग्रजांची ना जर्मनांची. १८२१मध्ये 'ब्लॅकवुड्स' मासिकात तिच्यावर एक गोष्ट आली. तीत भुताळी जहाजावरचे लोक दुसऱ्या जहाजावर पत्रं घेऊन येतात, अ‍ॅमस्टरडॅमला पोचवा म्हणून. पत्रांवरची माणसं केव्हाच मेलेली, आणि त्या पत्रांना हात लावायला कुणी धजत नाही. (मला विचाराल तर या सगळ्या पसाऱ्यातली सर्वांत भयंकर कल्पना ही.) फिट्झबॉलचं नाटक त्या गोष्टीवरून निघालं. जर्मन कवी हाइने १८२७मध्ये लंडनला होता. त्याच्या १८३४च्या पुस्तकातला निवेदक अ‍ॅमस्टरडॅमच्या थिएटरात या डचमनवरचं नाटक बघतो, मध्येच एका बाईच्या नादाने उठून जातो आणि शेवटाला परत येऊन बसतो. हाइनेने लंडनला फिट्झबॉलचा खेळ पाहिला होता की नाही यावर अभ्यासकांचं भांडण अजून मिटलेलं नाही. एकनिष्ठ स्त्रीच्या प्रेमाने शापातून सुटका हा भाग मात्र हाइनेकडचा, आणि त्याच्याकडून तो वाग्नरच्या १८४३च्या ऑपेरात आला. तिथे नायिका झेंटा समुद्रात उडी घेते आणि डचमनला मोक्ष मिळतो.

संगीतापुढे फिट्झबॉलची डाळ शिजत नाही, हे उघड आहे. तरी शेवट मला त्याचा जास्त पटतो. त्याच्याकडे वँडरडेकनला मुक्तीबिक्ती काही मिळत नाही; बोलल्याबद्दल त्याला पुन्हा आपल्या जहाजावर जावं लागतं, पुढच्या शतकाची वाट बघत. आणि नायिका लेस्टेल, जिला त्याने गुहेत नेलेलं असतं, ती भरतीच्या पाण्यातून जिवंत बाहेर येते. त्याच्या उद्धारासाठी तिला मरावं लागत नाही.